टिनमधले टोमॅटो, प्युरी, पेस्ट की ताजे? कशात काय घालायचं आणि किती

सेवउसळ_बडोदा विचारतात:

पावसाळा लागला की बडोद्यात टोमॅटोचा भरवसा नसतो. पादऱ्याकडचा माल कमी होतो आणि खंडेराव मार्केटात बाहेरगावचा लांबट, जाड सालीचा, टणक टोमॅटो येतो. कापला की आत पांढरट गाभा, रस बेताचा, आंबटपणाही नावाला. म्हणून प्युरीची २०० ग्रॅमची पाकिटं, टोमॅटो पेस्टची एक छोटी बाटली आणि ४०० ग्रॅमचे दोन टिन आणून ठेवले आहेत. एका टिनात अख्खे सोललेले टोमॅटो आहेत, दुसऱ्यात बारीक फोडी.

आता अडचणी. सेव-टोमॅटोचं शाक नुसत्या प्युरीत केलं तर रंग छान येतो, पण चव कच्चट लागते आणि रस्सा पिठल्यासारखा घट्ट होतो. टिनमधल्या फोडी पाऊण तास शिजवल्या तरी विरघळत नाहीत. सेव-उसळीच्या वाटाण्यात प्युरी आधीच घातली तर वाटाणा दाताखाली टणक लागतो. आणि टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध घातलं की फुटतं, टिनचे टोमॅटो वापरले तर हमखास.

एक टोमॅटो म्हणजे किती प्युरी, किती पेस्ट, याचं धरून चालता येईल असं माप कोणी देईल का? शिवाय गणपतीत पंचवीस जणांसाठी पावभाजी करायची आहे, कांदा-लसूण न घालता. तिथे टोमॅटोचं गणित कसं बसवायचं?

खंडेराव_मंडई यांचा प्रतिसाद:

आधी माप घ्या, कारण निम्म्या अडचणी मापातल्याच आहेत.

ताज्या टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं, म्हणजे घन भाग जेमतेम ५ टक्के. पाकिटातली प्युरी याच्या साधारण दुप्पट घट्ट. म्हणून २०० ग्रॅमचं एक पाकीट म्हणजे पाऊण ते एक वाटी प्युरी आणि सुमारे ४०० ग्रॅम ताजे टोमॅटो. पेस्ट पाच-सहा पट घट्ट असते, त्यामुळे एक मोठा चमचा भरून पेस्ट म्हणजे ९०-१०० ग्रॅमचा एक मध्यम टोमॅटो. ४०० ग्रॅमचा अख्ख्या टोमॅटोंचा टिन रसासकट घेतला तर साल-देठ काढून तयार केलेल्या साधारण तेवढ्याच वजनाच्या ताज्या टोमॅटोंच्या जागी चालतो.

पण वजन जुळलं म्हणजे पदार्थ जुळला असं नाही. पाव किलो टोमॅटोऐवजी अडीच मोठे चमचे पेस्ट घातलीत तर दोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी कमी पडलं. ते वेगळं घालावं लागतं, आणि गरमच घालायचं. लोक पेस्ट घालतात, पाणी विसरतात, मग मसाला तळाला लागतो आणि दोष पेस्टला जातो.

आता सेव-टोमॅटो. नुसत्या प्युरीत हे शाक होत नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. या शाकात टोमॅटोच्या फोडी दिसायला हव्यात, थोडी साल दाताखाली यायला हवी आणि रस्सा पातळच हवा, कारण वरून पडणारी सेव बेसनाची. ती मिनिटाभरात पाणी ओढते. प्युरी आधीच दाट, त्यात सेव पडली की तुम्ही म्हणता तसं पिठलं होणारच.

चार माणसांना ३५० ग्रॅम ताजे टोमॅटो आणि अर्धं पाकीट प्युरी घ्या. ताजा टोमॅटो फिका असला तरी चालेल, रंग प्युरी देईल. तीन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, पाव चमचा हिंग, कढीपत्ता, एक चमचा आलं-हिरवी मिरचीचं वाटण. वाटण परतलं की प्युरी घाला आणि मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं ढवळत परता. सुरुवातीला ती फटफट उडेल, झाकण तिरकं धरा. उडणं थांबून कडेला तेल दिसू लागलं की पाणी गेलं असं समजा. कच्चट चव जाते ती इथेच. मग हळद, दीड चमचा तिखट, दोन चमचे धणे-जिरेपूड, अर्धा मिनिट परतून लगेच टोमॅटोच्या मोठ्या फोडी आणि मीठ. झाकण ठेवून सहा मिनिटं. मिठाने फोडींचं पाणी सुटतं, त्यातच त्या शिजतात. दोन चमचे गूळ, दीड वाटी गरम पाणी, एक उकळी. फोडींपैकी निम्म्या डावाने चेपा, निम्म्या तशाच ठेवा.

सेव जाडीच हवी, १०० ते १२० ग्रॅम, आणि ती पानं वाढताना. नायलॉन सेव घातली तर लगदा होतो. रतलामी सेवेत मीठ, लवंग आणि तिखट आधीच असतं, ती वापरणार असाल तर शाकाचं मीठ-तिखट चौथ्या हिश्शाने कमी करा.

रसायन_आणि_रसोई यांचा प्रतिसाद:

टिनमधल्या फोडी का विरघळत नाहीत ते टिनवरच लिहिलेलं असतं. घटकांची यादी वाचा: कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसता आकडा ५०९ दिसेल. कॅल्शियम टोमॅटोतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी जोडून ठेवणाऱ्या चिकट पदार्थाला, धरून ठेवतं आणि फोडीची कड टणक राहते. कारखान्याला ते हवंच असतं, नाहीतर टिन उघडल्यावर फोडींऐवजी लगदा निघेल. म्हणून तो टिन कितीही वेळ शिजवलात तरी ग्रेव्ही मिळून येणार नाही. तो तिथे वापरा जिथे फोड हवी आहे: पुलाव, राजमा, पास्त्यावरचा जाडाभरडा सॉस. ग्रेव्हीतच घालायचा असेल तर आधी मिक्सरमधून काढा.

अख्ख्या टोमॅटोंच्या टिनमध्येही कधीकधी ५०९ असतं, पण फोडींइतका त्रास होत नाही, कारण अख्ख्या टोमॅटोची कापलेली कड कमी. हे टोमॅटो मिक्सरला न लावता परातीत हाताने चुरगळा. मिक्सर हवा मिसळतो आणि लाल रस गुलाबी दिसू लागतो. कच्च्या टोमॅटोची प्युरी फेसाळ, फिकट दिसते तीही त्याचमुळे. उकळली की फेस बसतो आणि रंग परततो.

वाटाण्याचं कारण आंबटपणा. डाळ, वाटाणा, चवळी, बटाटा, कांदा, सगळ्यांच्या पेशींना जोडणारं पेक्टिन आंबट पाण्यात सुटायला वेळ घेतं. टोमॅटो आधी पडला की वाटाणा शिजायचं नाव घेत नाही, मग आपण शिट्ट्या वाढवतो आणि साल वेगळी, गर वेगळा होतो. सेव-उसळीला पाव किलो सुका वाटाणा आठ तास भिजवून, हळद आणि थोडं मीठ घालून चार-पाच शिट्ट्या करा. दाण्याला चिमटीत दाबलं की मऊ पीठ व्हायला हवं. टोमॅटो तर्रीच्या मसाल्यात वेगळा परतायचा आणि शिजलेल्या वाटाण्यात नंतर मिसळायचा. एकदा दाणा मऊ झाला की आंबटपणा त्याला परत कडक करत नाही. आमटी, छोले, पावभाजीचा बटाटा, सगळीकडे हाच क्रम.

आणखी एक गोष्ट, जी ताज्या टोमॅटोची प्युरी घरी करणाऱ्यांनी नक्की पाळावी. टोमॅटो चिरला किंवा वाटला की त्यातली विकरं (एन्झाइम) पेक्टिन तोडायला लागतात. कच्ची प्युरी वाटून अर्धा तास ओट्यावर ठेवलीत तर खाली पाणी, वर चोथा असे दोन थर होतात. ती नंतर कितीही आटवली तरी पानात वाढल्यावर कडेने पाणी सोडते. चिरल्याबरोबर तापलेल्या पातेल्यात टाका, झाकण घालून जोरात उकळी आणा आणि मग वाटा. ८५-९० अंशांपुढे ती विकरं निकामी होतात आणि रस एकसंध, दाट राहतो. कारखान्यांतही दाट पेस्टसाठी टोमॅटो असाच झटपट तापवतात. ताजा रंग-स्वाद जास्त जपायचा असेल तर ६५ अंशांच्या आसपास कमी तापमानावर काढतात, ती पेस्ट पातळ असते.

एका वेळी दोन किलो टोमॅटो असतील तर सगळे चिरून ढीग करू नका. पाव भाग चिरा, पातेल्यात टाका, डावाने चेपा, उकळी येऊ द्या आणि मग पुढचे चिरून त्या उकळत्या रसात टाकत राहा.

मांजलपूरचं_स्वयंपाकघर यांचा प्रतिसाद:

वरचं सगळं पटलं. आंबटपणाबद्दल एक विचारते. प्युरी फार आंबट लागली की आपल्याकडे सरळ साखर किंवा गूळ घालतात, तेवढ्याने काम होत नाही का? आणि प्युरी संपली असेल तर टोमॅटो केचप घातलेलं चालतं का?

रसायन_आणि_रसोई:

गुळाने आंबटपणा जिभेला कमी जाणवतो, पदार्थातलं आम्ल तेवढंच राहतं. शाकात, आमटीत तेच हवं असतं, तिथे गूळच घाला. पण जिथे गोड चव नको आहे किंवा पुढे दूध-साय-नारळ पडणार आहे, तिथे खाण्याचा सोडा. ४०० ग्रॅमच्या टिनला एक चिमूट, किलोभर टोमॅटोला फार तर पाव लहान चमचा, तोही दोन वेळा विभागून. आच मंद करून घाला, फेस वर येतो. फेस बसल्यावर चव बघा. जास्त झाला तर चव बोथट आणि साबणासारखी होते, आणि त्यावर उपाय फक्त आणखी टोमॅटो घालणं हाच आहे. टिन आणि पाकिटांवर सायट्रिक आम्ल किंवा ३३० हा आकडा दिसला तर ते मुद्दाम घातलेलं आम्ल आहे, सोडा बहुतेक लागेलच.

केचप प्युरीच्या जागी घालू नका. त्यात व्हिनेगर, भरपूर साखर आणि मसाले असतात. परतायला गेलात तर साखर करपते आणि व्हिनेगरचा वास भाजीत राहतो.

आजोळची_चव यांचा प्रतिसाद:

साराबद्दल लिहिते, कारण त्यात टिनपेक्षा ताजा टोमॅटोच खरा. सारात मसाला नसतो, कांदा नसतो, लपायला काहीच नसतं. बाजारात पिकलेला, गोल, पातळ सालीचा देशी टोमॅटो दिसला की तो सारासाठी राखून ठेवा आणि लांबट टणक टोमॅटो भाजीत घाला. गोल टोमॅटोत बियांभोवतीचा गर जास्त असतो आणि आंबट-रुचकर चव त्या गरातच असते. म्हणून सारासाठी बिया काढून टाकू नका, गर गाळून घ्या.

अर्धा किलो टोमॅटोच्या प्रत्येकी चार फोडी, दीड वाटी पाणी, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, आल्याचा अर्धा इंच तुकडा. झाकण घालून आठ-दहा मिनिटं शिजवा, कुकरला लावायची गरज नाही. मिरची-आलं काढून ठेवा, टोमॅटो वाटा आणि बारीक गाळणीतून डावाने दाबून गाळा. चोथा अगदी कोरडा होईपर्यंत दाबायचं, दाटपणा तिथेच अडकलेला असतो. गाळलेल्या रसात एक चमचा गूळ आणि मीठ घालून एक उकळी आणा आणि आच बंद करा.

आता नारळाचं दूध. एक वाटी दाट दूध घ्या, त्यात एक लहान चमचा तांदळाचं पीठ गुठळी न ठेवता कालवा. गरम साराचे दोन-तीन डाव एकेक करून त्या दुधात घाला आणि ढवळा, म्हणजे दूध कोमट होईल आणि आंबटाशी त्याची ओळख होईल. मग हे मिश्रण साराच्या पातेल्यात धार धरून ओता. मंद आचेवर ठेवून सतत ढवळा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा. खळखळून उकळू द्यायचं नाही. थंड दूध उकळत्या आंबट रसात एकदम ओतलं की फुटणारच, आणि फुटलेलं सार परत सांधत नाही. मिक्सरमधून काढलं तर दहा मिनिटं बरं दिसतं, पानात जाईपर्यंत परत फुटतं.

टिनचे टोमॅटो वापरावेच लागले तर वर लिहिल्याप्रमाणे चिमूटभर सोडा आधी, फेस बसू द्या, मग दूध. फोडणी तुपाची: जिरं, हिंग, कढीपत्ता, एक सुकी मिरची. सार उतरवल्यावर वरून द्यायची.

दुसऱ्या वेळी गरम करायचं असेल तर सार आणि नारळाचं दूध वेगळं ठेवा आणि लागेल तेवढंच मिसळा.

सेवउसळ_बडोदा:

खूप आभार सगळ्यांचे. आज वाटाणा आधी शिजवून तर्री वेगळी केली, दाणा लोण्यासारखा झाला. पावभाजीचं राहिलं आहे. आणि पेस्टची उघडलेली बाटली फ्रीजमध्ये किती दिवस टिकते? वर पांढरी बुरशी दिसली तर तेवढी काढून वापरावी का?

पंगत_आणि_प्रसाद यांचा प्रतिसाद:

बुरशी दिसली तर अख्खी बाटली टाका. वरचा थर काढला तरी धागे आत गेलेले असतात, आणि बुरशीमुळे आम्ल कमी होतं ते वेगळंच.

पावभाजीकडे येऊ. कांदा-लसूण नसेल तर भाजीचा अर्धा दाटपणा आणि गोडवा गेलेला असतो. तो भरून काढायला नुसते टोमॅटो वाढवले तर भाजी आंबट होते. टोमॅटो थोडा वाढवायचा, त्यातला काही भाग पेस्टच्या रूपात घालायचा आणि दाटपणासाठी दुधी घ्यायचा. दुधी शिजून गायब होतो, पानात कोणाला कळतही नाही.

पंचवीस जणांना बटाटे अडीच किलो, फ्लॉवर एक किलो, दुधी एक किलो, मटार ७५० ग्रॅम (गोठवलेले चालतात), ढोबळी मिरची अर्धा किलो, ताजे टोमॅटो दोन किलो, टोमॅटो पेस्ट १५० ग्रॅम, लोणी ४०० ग्रॅम, तेल एक वाटी, आलं ७५ ग्रॅम, हिंग दीड लहान चमचा, पावभाजी मसाला ८०-९० ग्रॅम, काश्मिरी तिखट चार मोठे चमचे. पाव माणशी तीन धरून ८० आणा. मसाल्याच्या पाकिटावरची यादी नक्की वाचा, कारण बऱ्याच तयार मसाल्यांत कांदा-लसणाची पूड असते आणि नैवेद्याच्या दिवशी ते नंतर कळून उपयोग नसतो.

बटाटा, फ्लॉवर, दुधी, मटार कुकरला वेगळे शिजवा. त्यात टोमॅटो टाकू नका, कारण वर वाटाण्याबद्दल जे लिहिलंय तेच बटाट्याला लागू आहे. बटाटा गरम असतानाच चेपायचा. गार झाला की गुठळ्या राहतात आणि जास्त रगडला तर चिकट होतो.

मोठं पसरट पातेलं घ्या, स्टीलचं किंवा कल्हई केलेलं पितळी. अॅल्युमिनिअमचं नको, लोखंडी कढई तर मुळीच नको. तीन किलोच्या आसपास टोमॅटोचा आंबटपणा तासभर त्या भांड्यात राहणार आहे. लोखंडात भाजी काळपट होते आणि जिभेवर धातूची चव राहते. कल्हई उडालेली असेल तर ते पातेलं बाजूला ठेवा.

तेल आणि निम्मं लोणी तापलं की हिंग, किसलेलं आलं, मग १५० ग्रॅम पेस्ट. इथे घाई करू नका. मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं परता, तळाला सतत खरवडत. पेस्टचा रंग लाल भडक असतो तो विटकरी होतो, तेल लाल होऊन बाजूला येतं आणि वास गोडसर होतो. टोमॅटोचा लाल रंग पाण्यापेक्षा तेलात जास्त उतरतो, म्हणून हा टप्पा नीट झाला तर भाजीला कृत्रिम रंग लागत नाही. पेस्ट नेहमी कोरड्या मसाल्यांच्या आधी परतायची. तिखट आधी घातलं तर पेस्ट शिजेपर्यंत ते करपतं.

आता बारीक चिरलेली ढोबळी मिरची, दोन मिनिटं. मग टोमॅटो आणि दोन मोठे चमचे मीठ. पाणी सुटून आटेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतील. काश्मिरी तिखट अर्धी वाटी गरम पाण्यात भिजवून ठेवलेलं असू द्या, ते आणि मसाला आता घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. तेल सुटतं तेव्हा टोमॅटोतलं मोकळं पाणी उडून गेलेलं असतं. त्याआधी मिश्रण १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे ते नुसतं उकळत असतं, परतलं जात नाही. कच्चट वासाची जवळजवळ सगळी तक्रार इथूनच येते.

मग चेपलेली भाजी आणि गरम पाणी, पळीवाढी होईल इतकं. वीस मिनिटं मंद आचेवर शिजू द्या, तळाकडे लक्ष ठेवा. चव बघून मीठ वाढवा. फार आंबट लागली तर पाव लहान चमचा सोडा, फेस बसू द्या. उरलेलं लोणी वाढण्याआधी.

आदल्या दिवशी तयारी करायची तर टोमॅटो-पेस्टचा मसाला तेल सुटेपर्यंत करून फ्रीजमध्ये ठेवा. बटाटा मात्र त्याच दिवशी शिजवा, गार बटाट्याची भाजी सरसरीत होत नाही.

खंडेराव_मंडई:

पेस्ट आणि उघडलेल्या टिनबद्दल. टिन उघडला की उरलेलं लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात काढा. उघड्या टिनमध्ये हवा लागली की आम्ल आतल्या धातूवर काम करायला लागतं आणि चव बिघडते. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस ठीक. फुगलेला, कडेला गंजलेला किंवा उघडताना फसकन आवाज करून रस उडवणारा टिन चाखूनही बघू नका.

पेस्ट टिकवायची सोपी पद्धत म्हणजे बर्फाच्या ट्रेच्या प्रत्येक खणात एक मोठा चमचा पेस्ट भरून गोठवा आणि मग क्यूब पिशवीत काढून ठेवा. एक क्यूब म्हणजे एक टोमॅटो, माप करायला चमचाही लागत नाही. गोठवलेला क्यूब सरळ गरम तेलात टाकू नका, उडतो. आच मंद करा किंवा दोन चमचे पाण्यात आधी विरघळवा.

ताजे अख्खे टोमॅटोही असेच गोठतात. धुऊन, कोरडे करून, पिशवीत. काढल्यावर नळाखाली धरले की साल हातात येते, उकळत्या पाण्यात घालायची गरज नाही. पण ते लिबलिबीत होतात, कोशिंबिरीला चालत नाहीत. फक्त शिजवायला वापरा.

मांजलपूरचं_स्वयंपाकघर:

म्हणजे हिवाळ्यात स्वस्त असताना भरून ठेवणं सगळ्यात चांगलं. २०२३ च्या जुलैत बऱ्याच शहरांत भाव दोनशेच्या घरात गेले होते, तेव्हा घरी प्युरी असलेल्यांनाच बरं पडलं. पाच किलोची घरची प्युरी किती होते, आणि बाटलीत भरून बाहेर ठेवली तर टिकते का?

रसायन_आणि_रसोई:

पाच किलो पिकलेल्या टोमॅटोंचा गाळलेला रस चार किलोच्या थोडा वर निघतो. पसरट पातेल्यात मध्यम आचेवर तो निम्मा होईपर्यंत आटवला की दोन किलो प्युरी, बाजारच्या पाकिटाइतकी घट्ट. पाऊण ते एक तास लागतो. शेवटची पंधरा मिनिटं मंद आच आणि सतत ढवळणं, दाट रस तळाला लगेच लागतो आणि करपट चव सगळ्यात उतरते. लागलाच तर खरवडू नका, वरचा रस दुसऱ्या पातेल्यात ओता. गार करून २०० ग्रॅमच्या सपाट पिशव्या भरा, हवा काढून आडव्या गोठवा. सपाट पिशवी पंधरा-वीस मिनिटांत सुटते, डब्यातला गोळा दोन तास घेतो. मीठ, तेल, मसाला घालू नका, म्हणजे ती सारापासून शाकापर्यंत कशातही चालेल.

बाटलीत बाहेर ठेवण्याबद्दल मी सावध सांगेन. टोमॅटोची आम्लता धोक्याच्या रेषेजवळच असते. पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका मोठा तितकं आम्ल कमी) ४.६ च्या वर गेला तर हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि काही गोड, खूप पिकलेले टोमॅटो तिथवर जातात. म्हणून बाटलीत भरणारे लोक लिटरमागे अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल घालतात आणि भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठरलेला वेळ ठेवतात. दोन्हींपैकी एक टाळून चालत नाही. सोडा घातलेली, तेल-लसूण-कांदा घातलेली प्युरी तर बाहेर अजिबात ठेवू नये. फ्रीजर असेल तर तोच मार्ग.

फ्रीजरमध्ये जागा नसेल तर वाळवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बडोद्याचं ऊन कडक असतं, हवा कोरडी असते आणि टोमॅटो अजून स्वस्त असतो. लांबट, जाड गराचे टोमॅटो इथे उत्तम, गोल रसाळ टोमॅटो आंबायला लागतो. उभे दोन भाग करून, कापलेली बाजू वर, त्यावर किलोला एक लहान चमचा मीठ भुरभुरून, जाळीवर आणि वरून मलमल. संध्याकाळी आत घ्या. चामड्यासारखे लवचीक झाले आणि दाबल्यावर ओल आली नाही की झाले. किलोचे सत्तर ग्रॅमच्या आसपास राहतात. पूड करायची असेल तर कडकडीत वाळवून, मिक्सरमधून काढून, लगेच कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवा, कारण पूड दमट हवेत तासाभरात गोळा होते. एक लहान चमचा पूड अर्ध्या मध्यम टोमॅटोच्या जागी धरा, आणि ती फोडणीत न टाकता पाण्यात कालवून रश्श्यात घाला.